आईच्या नावापुढचा अंगठा

2017 च्या उन्हाळ्यात आई रोजगार हमीच्या कामावर जात होती. मराठवाड्यातल्या आमच्या गावाच्या शिवारात बांधबंदिस्तीचं काम निघालं होतं. संध्याकाळी घरी आली की हातपाय धुण्याआधी ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची. सहा रेघा झाल्या की खाली नवी ओळ. अशा तीन ओळी झाल्या, म्हणजे 18 दिवस. पोस्टाच्या खात्यात मात्र 1,407 रुपये जमा झाले. तेव्हा दर होता 201 रुपये. म्हणजे हजेरी लागली सात दिवसांची.

कामावर हजेरी लिहिणाऱ्या रोजगार सेवकाला विचारलं, तर म्हणाला, "मावशी, वरूनच कमी आलं." हे 'वरून' म्हणजे नेमकं कुठून, ते मला शोधायचं होतं.

तालुक्याला जाऊन नेट कॅफेत नरेगाचं, म्हणजे रोजगार हमी कायद्याचं, संकेतस्थळ उघडलं. आईच्या जॉबकार्डावर सात दिवस होते. त्याच कामावर, पुण्याला कंपनीत असलेल्या गावातल्या दोन पोरांच्या नावापुढं पूर्ण 18. संकेतस्थळावर आकडे दिसतात, सह्या दिसत नाहीत. म्हणून मूळ मस्टरची, म्हणजे हजेरीपटाची, साक्षांकित प्रत मागायचं ठरवलं.

माहिती अधिकाराचा अर्ज 'जोडपत्र अ' मध्ये करायचा, वर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. माझा पहिला मसुदा दोन पानं झाला होता, सगळा राग त्यात उतरला होता. खोडत खोडत कामाचं नाव, मस्टर क्रमांक आणि तारखा एवढंच ठेवलं. असा अर्ज करणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, 'गैरव्यवहाराची माहिती द्या' असं लिहू नका, हव्या त्या कागदाचं नाव लिहा. आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का पडल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

"तुम्हाला कशाला पाहिजे हे?" टेबलापलीकडून प्रश्न आलाच. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(2) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही, हे मी पाठ करून गेलो होतो. तरी सांगताना आवाज कापला.

30 दिवस गेले, उत्तर नाही. 20 रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलं. सुनावणीसाठी दोन खेपा वाया गेल्या, तिसऱ्या खेपेला आदेश झाला. मुदत टळलेली असल्यानं कलम 7(6) प्रमाणे प्रती फुकट मिळाल्या.

घरी येऊन पानं जमिनीवर पसरली. आईला तिच्या नावाची ओळ दाखवली. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो अंगठा कुणाचा?" साक्षरतेच्या वर्गात पाटीवर गिरवून गिरवून ती सही शिकली होती. तेव्हापासून तिनं कुठंच अंगठा उठवला नव्हता. "म्या सही करते. मला अंगठा कशापायी?" 2,211 रुपये बुडाले तेव्हा ती गप्प बसली होती. त्या रात्री ती जेवली नाही.

दिल्लीतल्या एशियाडच्या, म्हणजे आशियाई खेळांच्या, बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1982 साली सांगितलं आहे की किमान वेतनाहून कमी देऊन राबवून घेणं ही घटनेच्या कलम 23 प्रमाणे वेठबिगारी आहे. तहसीलदारांकडच्या तक्रारीत 'मजुरीत तफावत' लिहा, असं एकानं सुचवलं होतं. मी वेठबिगारीच लिहिलं. अकरा दिवस उन्हात माती उपसून हातात काही पडलं नाही, त्याला दुसरं काय म्हणायचं?

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन या कष्टकऱ्यांच्या संघटनेनं 1994 पासून जनसुनवाया, म्हणजे जाहीर सुनावण्या, घेऊन मस्टरं गावासमोर मोठ्यानं वाचली. त्यातूनच माहिती अधिकाराची मागणी देशभर गेली. नरेगाच्या कलम 17 नं ग्रामसभेला कामांची अशी तपासणी करायचा हक्क दिलेलाच होता. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी मस्टर वाचायला उभा राहिलो. चौथ्या नावाला एक काकू उठल्या, "मी 12 दिवस होते, तिथं चारच कसे?" मग दुसरी उठली, तिसरी उठली. समोरून कुणीतरी म्हणालं, ही ती जागा नाही. आई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "मग कुठं वाचायचं, भाऊसाहेब?" तक्रारीची नोंद इतिवृत्तात घ्यावी लागली.

जानेवारीत आईसह पाच बायकांचे राहिलेले पैसे जमा झाले. ते कुणाकडून वसूल केले, पुण्याच्या दोन नावांवर निघालेल्या रकमेचं काय झालं, अंगठा कुणाचा, हे मात्र कुणी सांगितलं नाही. म्हणून चौकशी अहवालाची प्रत मागणारा नवा अर्ज केला. या वेळी अर्जदार आई. मी फक्त मजकूर लिहून दिला. खाली सही करायला तिला दोन मिनिटं लागली. शाई वाळेपर्यंत तिनं कागद हातातून सोडला नाही.