पोटरी मऊ लागली तेव्हा

2024 च्या ईस्टरला कॅरिफ्टा गेम्स ग्रेनडात होते आणि मी अंतिम रेषेजवळच्या वैद्यकीय तंबूत ड्युटीला. कॅरिबियन बेटांवरच्या 17 आणि 20 वर्षांखालील मुलामुलींची ही अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा 1972 साली बार्बाडोसला सुरू झाली. उसेन बोल्ट 17 वर्षांचा असताना 200 मीटर 19.93 सेकंदांत धावला, तो याच स्पर्धेत, 2004 साली बर्म्युडात. ग्रेनडाची लोकसंख्या जेमतेम सव्वा लाख. देशाला पहिलं ऑलिम्पिक पदक, तेही सुवर्ण, मिळवून देणाऱ्या किरानी जेम्सच्या नावाचं स्टेडियम आहे इथे. त्या तीन दिवसांत त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, झेंडे, आपल्या बेटाच्या नावाने चाललेला आरडाओरडा. कौतुक करावं तेवढं थोडं.

पहिल्या संध्याकाळी 1500 मीटरनंतर एका छोट्या बेटाच्या मुलाला दोघांनी खांद्यावर धरून आणलं. शर्यत त्याने पुरी केली होती, बसला तो त्यानंतर, आणि मग उठलाच नाही. सोबतचे कोच सांगत होते, "क्रॅम्प आहे डॉक्टर, पाय ताणून द्या, दहा मिनिटांत उभा राहील."

मी पोटरी दाबून पाहिली. क्रॅम्प आलेला स्नायू दगडासारखा लागतो, गोळा हाताला कळतो, आणि मूल कळवळतं. ह्या मुलाची पोटरी, मांडी, सगळं मऊ. मुलगा ओरडत नव्हता. मला म्हणाला, "मिस, पाय उचलतच नाहीत." शुद्धीवर होता, नाव-गाव नीट सांगत होता. उष्माघात म्हणावा, तर शरीराचं आतलं तापमान 38.7. आमचा बर्फाच्या पाण्याचा टब तयार होता, पण त्याची गरज नव्हती.

माझं शिक्षण नागपूरच्या मेडिकलचं. गडचिरोली, गोंदियाकडून येणारे सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट बघतच आम्ही शिकलो. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे पीडित, ही भाषा तिकडे वॉर्डातली मावशीसुद्धा बोलते. वाहकाला एरवी काही होत नाही, तो निरोगीच असतो. पण ऊन, शरीरातलं कमी झालेलं पाणी आणि न थांबता लावलेला जोर एकत्र आले, तर क्वचित त्याच्याही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, स्नायूंचं रक्त अडतं आणि स्नायू मरू लागतात. त्यातून सुटलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. जमैकात साधारण दहातला एक माणूस वाहक आहे. मलेरियाच्या मुलखात टिकलेलं हे जनुक आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर या बेटांवर आलं, आणि आपल्या गोंड-माडियांत ते स्वतंत्रपणे रुजलं.

पाय ताणू दिला नाही. चालवलंही नाही. ऑक्सिजन, सलाईन, ईसीजीच्या तारा, आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. पथकाच्या कागदांत सिकलसेलचा रकानाच नव्हता, म्हणून आईला फोन लावला. त्या माउलीने क्षणभरही विचार केला नाही. "हो, ट्रेट आहे ना त्याला, वाहक आहे तो. बाळ असतानाच सांगितलं होतं. पण त्याने काही होत नाही म्हणाले." सांगणारा चुकला नव्हता. पण हे मूल पुढे धावपटू होणार, हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार?

रुग्णालयात सीके, म्हणजे मरणाऱ्या स्नायूंतून रक्तात उतरणारं एन्झाइम, हजारोंच्या घरात निघालं, लघवी कोकमाच्या आगळासारखी. पोटॅशियम मात्र आटोक्यात राहिलं. रात्रभर सलाईन चाललं आणि दुसऱ्या दिवशी तो कुशीवर वळून रिले कोण जिंकलं म्हणून विचारत होता. मला भरून आलं.

अमेरिकेत विद्यापीठ पातळीवर खेळणाऱ्यांची ही तपासणी 2010 पासून सुरू झाली, तीही अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या एका 19 वर्षांच्या मुलाचा जीव गेल्यावर. बोटातल्या थेंबभर रक्तावर सिकलसेल ओळखणारी सोल्युबिलिटी टेस्ट आमच्याकडे आश्रमशाळेच्या व्हरांड्यात होते. इतकी स्वस्त गोष्ट मैदानापर्यंत पोचत नाही, याचा मला अजून राग येतो.

सोमवारी कोच पुन्हा तंबूत आले. दोन रात्री झोपलेले दिसत नव्हते. "पुढच्या वर्षी त्याला पळवायचं नाही का?"

"पळवायचं. वाहक आहे म्हणून घरी बसवू नका. स्नायू पूर्ण बरे झाले की हळूहळू सुरुवात करा, दोन धावांमध्ये पुरती विश्रांती द्या, पाणी द्या. पाय जड झाले म्हणाला की तिथेच थांबवा. आणखी एक राउंड मार, असं म्हणायचं नाही."

त्यांनी स्टार्ट लिस्टच्या मागे सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि माझी बाकीची पोरं?"

"त्यांच्याही आयांना फोन करा," मी म्हटलं. "आजच करा."