कंटेनरचं नेट लाईटनं नाही घालवलं

मे महिना, देवगडात मामांकडे, पडवीत आंब्याच्या पेट्यांची थप्पी आणि मी कोपऱ्यात जुना लॅपटॉप घेऊन बसलेलो. मामांचा पेट्यांचा हिशोब मी एका छोट्या वेब ॲपवर टाकून दिलाय, रोज रात्री ते मुंबईच्या मामेबहिणीला ऑर्डरींची यादी मेल करतं. लॅपटॉपची रॅम ४ जीबी, व्हर्च्युअल मशीन (पोटात अख्खा दुसरा कॉम्प्युटर) टाकली असती तर रडलाच असता, म्हणून लिनक्सवरच्या एलएक्सडी ह्या सॉफ्टवेअरनं दोन कंटेनर, म्हणजे एकाच मशीनमधल्या वेगळ्या खोल्या, केले, एक मामांचा आणि एक माझ्या उद्योगांसाठी. कंटेनर होस्टचाच, म्हणजे मूळ लॅपटॉपचाच, कर्नल (सिस्टिमचा गाभा) वापरतो त्यामुळे एवढ्यात निभावतं.

पहिली माती वायफायवर खाल्ली. कंटेनरला थेट राउटरकडून आयपी मिळावा म्हणून वायफाय कार्ड ब्रिजमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या स्विचमध्ये, घालायला गेलो तर लिनक्सनं सरळ नाही म्हटलं. राउटर फक्त जोडलेल्या कार्डाचा मॅक ॲड्रेस (हार्डवेअरचा पत्ता) ओळखतो, त्याच्या मागून दुसरे दोघं शिरायला लागले की आत घेत नाही. मग मुकाट्यानं एलएक्सडीचाच नॅटवाला ब्रिज ठेवला, म्हणजे कंटेनर होस्टच्याच पत्त्यानं बाहेर जातात, आणि मामांच्या मोबाईलवरून ॲपचं पान उघडावं म्हणून एक प्रॉक्सी डिव्हाइस, म्हणजे होस्टवर आलेलं कनेक्शन आत पोचवणारा मध्यस्थ, लावला. झालं.

मग एका रात्री हौस म्हणून त्याच होस्टवर डॉकर, म्हणजे कंटेनर चालवायचं दुसरं सॉफ्टवेअर, टाकलं. काहीच बिघडलं नाही, निवांत झोपलो. सकाळी लाईट गेली ती चार तास, बॅटरी आधीच मेलेली, लॅपटॉप बंद पडून परत चालू झाला. दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन, "दादा, कालची यादी आलीच नाही." मामांच्या मोबाईलवर तर पान व्यवस्थित उघडत होतं! मामा म्हणाले, "लायटीन काय तरी जाळल्यान असतला," आणि मलाही ते पटलं.

पूर्ण संध्याकाळ डीएनएसमध्ये (नावावरून आयपी शोधणारी यंत्रणा) घालवली, फुकट. शेवटी डोकं शांत करून कंटेनरच्या आतून एकेक पिंग मारलं. ब्रिजचा पत्ता लागतो, बाहेरचा ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर) लागत नाही, होस्टवरून मात्र लागतो. येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा टीसीपीडम्प लावला तर पॅकेट ब्रिजवर दिसतात आणि वायफायवर एकही नाही, म्हणजे मधेच कुणीतरी गिळतंय. आयपीटेबल्स ह्या लिनक्सच्या फायरवॉलची फॉरवर्ड चेन, म्हणजे होस्टमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांचे नियम, बघितली, पॉलिसी ड्रॉप, म्हणजे परवानगी नसेल ते फेकून द्या, आणि शेजारचा आकडा माझ्या प्रत्येक पिंगला वाढतोय!

तर झालं होतं असं की डॉकर सुरू होताना आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्यांची पॅकेट पुढे पाठवायची होस्टची सोय) बंद दिसलं तर ते स्वतः चालू करतं आणि सोबत फॉरवर्ड चेनची पॉलिसी 'ड्रॉप' अशी करून ठेवतं. मी टाकलं त्या रात्री एलएक्सडीनं फॉरवर्डिंग आधीच चालू केलेलं, म्हणून डॉकर गप्प बसलं. रीबूटनंतर डॉकर आधी उठलं, फॉरवर्डिंग तेव्हा बंद होतं, आणि पॉलिसी ड्रॉप झाली. एलएक्सडीचे परवानगीचे नियम एनएफटेबल्सच्या (लिनक्सची नवी फायरवॉल) वेगळ्या टेबलात होते, पण एका टेबलानं सोडलं तरी दुसऱ्यानं अडवलं की पॅकेट मेलंच. आणि पान का उघडत होतं? कारण प्रॉक्सी डिव्हाइस होस्टवरच कनेक्शन घेऊन आत देतो, फॉरवर्ड चेनच्या वाटेला जातच नाही. ह्याच गोष्टीनं मला सगळ्यात जास्त फसवलं.

उपाय एका ओळीचा. सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंग्जच्या, फाईलमध्ये आयपी फॉरवर्डिंग १ लिहून ठेवलं, म्हणजे बूट होतानाच ते चालू, डॉकरला निमित्तच मिळत नाही. डॉकर-युजर चेनमध्ये (डॉकरनं आपल्या नियमांसाठी ठेवलेली जागा) ब्रिजसाठी नियम घातले तरी चालतं, पण ते रीबूटला टिकवायची वेगळी कटकट. मुद्दाम दोनदा रीबूट करून बघितलं, कारण चालू मशीनवर सगळं ठीक दिसतं हे एकदा भोगून झालं होतं.

रात्री रांगेत अडकलेल्या याद्या एकदम सुटल्या. पाचेक मिनिटांत बहिणीचा फोन, "दादा, एवढ्या पेट्या खरंच आहेत ना रे घरात?"