टाकी सायकल झाली, मग मी ती बिघडवली

गोड्या पाण्यातले मासे मी बरीच वर्षं पाळले. त्यामुळे मरीन (समुद्री माशांची) टाकी म्हणजे तेच काम, फक्त वर मीठ, अशा थाटात सुरुवात केली. १२० लिटरची टाकी, आरओ-डीआयचं (क्षार काढून टाकलेलं) पाणी, मरीन सॉल्ट, लाइव्ह रॉक (उपयोगी जिवाणूंची वस्ती असलेले खडक). पाणी तयार झालं, पंप लागला, आणि पहिली चूक त्याच संध्याकाळी झाली.

खारटपणा मोजायला काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर होता. विशिष्ट गुरुत्व समुद्राएवढं, १.०२६ दाखवलं, मी खूश. आठवड्याने प्रकाशाच्या वाकण्यावरून खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर हातात आला, त्यात १.०२२. काट्याला चिकटलेले बारीक बुडबुडे त्याला वर उचलत होते! टिचकी मारून ते झाडायचे असतात, हे कळायला आठवडा गेला. रिफ्रॅक्टोमीटरही साध्या पाण्यावर शून्य करून मोकळं होता येत नाही. ३५ पीपीटीचं (हजारात ३५ भाग क्षार) कॅलिब्रेशनचं द्रावण मिळतं, त्यावर तो जुळवला तरच समुद्राच्या आसपासचा आकडा खरा. नशीब, तोवर टाकीत मासे नव्हते.

सायकलिंगबद्दल, म्हणजे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढवण्याबद्दल, फार सांगण्यासारखं नाही, नुसती वाट बघायची असते. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाखांत दोन भाग) नेला. नवव्या दिवशी तो उतरायला लागला, नायट्राइटची नळी जांभळी झाली आणि दोन आठवडे जांभळीच राहिली. त्या काळात नायट्रेटचा आकडा भलताच येत होता. नायट्राइट असला की नायट्रेटची टेस्ट फसते, तेव्हा तो आकडा वहीत लिहूच नये. त्याच किटमधली दुसरी बाटली अर्धा मिनिट जोर लावून हलवावी लागते, नाहीतर तळाशी बसलेली पूड थेंबात येतच नाही आणि नायट्रेट शून्य दिसतं. पाचव्या आठवड्यात २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत गायब झाला, नायट्राइटही शून्य. दोन क्लाउनफिश आणले.

इथे थांबलो असतो तर हे लिहावंच लागलं नसतं.

सकाळी पीएच मोजला, ७.८. मी जिथे जिथे वाचलं होतं तिथे ८.१ ते ८.४ लिहिलेलं. मासे मजेत खात होते, पण मला ते ७.८ डोळ्यात खुपायला लागलं. पीएच वाढवायचं बफर आणलं, चमचाभर विरघळवून घातलं. दुपारी ८.२! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ७.८. पुन्हा चमचा. असे चार दिवस. पाचव्या दिवशी पाणी किंचित दुधाळ दिसलं आणि हीटरच्या नळीवर पांढरी खरखरीत साल धरलेली. तेव्हा कुठे अल्कलिनिटी (पाण्यात कार्बोनेट-बायकार्बोनेट किती आहे ते) मोजायची बुद्धी झाली. ५ मिली पाणी, एक थेंब म्हणजे एक डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक), निळ्याचं पिवळं होईपर्यंत मोजत जायचं. आठ, नऊ, दहा, नळी निळीच. तेराव्या थेंबाला पिवळी झाली.

बायको शेजारी उभी होती. म्हणाली, "अरे, मासे ठीक आहेत ना? मग औषध कुणाला देतोयस?"

बफर म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेटच. प्रत्येक चमच्याने अल्कलिनिटी चढत होती, आणि अति झाल्यावर कॅल्शियमला घेऊन ती चुनखडी होऊन खाली बसत होती. हीटर गरम, म्हणून तिथे आधी. पीएच मात्र खाली ओढत होता कार्बन डायऑक्साइड. खोली रात्रभर बंद, आत आम्ही दोघं आणि कुत्रा. श्वासातला वायू खोलीत साठणार, तोच पाण्यात उतरणार. खात्री करायला टाकीतलं पाणी पेल्यात घेऊन गॅलरीत ठेवलं, तासभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला. त्या पेल्याचा पीएच ८.२ झाला, टाकीचा तोच ७.८. औषध न घालता!

मग बफर बंद. रोज दहा टक्के पाणी बदललं, तेही ८ डीकेएचच्या मिठाने. एकदम खाली आणायची घाई केली नाही. स्किमरची (फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढली. हीटर बंद करून, गार झाल्यावर व्हिनेगरमध्ये बुडवला. साल फसफसत निघाली. आठवड्याभरात नवव्या थेंबाला पिवळं. पीएच आता सकाळी ८.० आणि दिवे मालवताना ८.२ असतो, आणि मी तो रोज बघतही नाही.

रोज बघतो ते पाण्याच्या पातळीकडे. उडतं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं, म्हणून भर घालायची ती आरओ-डीआयच्या पाण्याचीच.

परवा मात्र वेगळंच झालं. मी काहीच केलं नव्हतं, तरी अल्कलिनिटी आठव्या थेंबालाच संपली. पुन्हा मोजली, आठच. टॉर्च घेऊन टाकीशी वाकलो, तर मागच्या खडकाच्या कडेला मोहरीएवढे जांभळट ठिपके. पाण्यातली अल्कलिनिटी वापरून चुनखडी बांधणारी कोरलाइन शैवाल धरायला लागली होती.