अथेन्सचा अगोरा: चिठ्ठ्या टाकून चालणारं राज्य

अथेन्सला येणारा जो तो ॲक्रोपोलिसवर धावतो, धावावंच, पण माझं ऐकाल तर खाली अगोरात, म्हणजे जुन्या अथेन्सच्या बाजार-चौकात, अर्धा दिवस काढा. कॉलेजात प्लेटो-ॲरिस्टॉटल म्हणून जे घोकलं ते ज्या भांडणातून निघालं ते इथलं.

अगोरातल्या अटालोसच्या स्टोआत (म्हणजे खांबांची लांबलचक ओसरी, आत्ता दिसते ती इमारत १९५० च्या दशकात परत बांधलेली) म्युझियम आहे, तिथे एक फुटका दगड उभाय, अंगभर बारीक खाचांच्या ओळी, बहुतेक लोक बघत पण नाहीत. हे क्लेरोटेरिऑन, म्हणजे सरळ म्हाडाची लॉटरीच! ज्यूरीत बसायला आलेल्यांच्या नावाच्या पट्ट्या खाचांत खोचायच्या, बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे सोडायचे, पांढरा आला की ती आख्खी ओळ ड्युटीवर, काळा आला की घरी जा. ५०० जणांचं कौन्सिल पण चिठ्ठीनेच, सेनापती मात्र मतांनी निवडायचे. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये लिहिलंय की चिठ्ठी ही लोकशाहीची रीत समजतात आणि निवडणूक मूठभरांच्या राज्याची. बोला आता!

तिथेच मतदानाची खापरं पण आहेत, ज्याला हद्दपार करायचं त्याचं नाव कोरलेली. थेमिस्टोक्लीस, ज्याने इ.स.पू. ४८० ला सालामिसला पर्शियन आरमार बुडवलं, त्याच्या नावाची तर खूपच. ॲक्रोपोलिसच्या उतारावर एका विहिरीत त्याची १९० च्या आसपास सापडली आणि हस्ताक्षरं फक्त १४ जणांची, म्हणजे कुणीतरी आधीच बसून थप्पी लिहून ठेवलेली, वाटायला. पक्षाचे कार्यकर्ते तेव्हाही होतेच की.

संध्याकाळी पिनिक्सच्या टेकडीवर गेलो, नागरिकांची सभा भरायची ती जागा. खडकात कोरलेला भाषणाचा ओटा, समोर मोकळं मैदान, काही ठरावांना ६००० माणूस लागायचं. बायका, गुलाम, बाहेरून आलेले सगळे वगळून हं. आणि गंमत बघा, इथे बोलणाऱ्या साध्या लोकांचं लोकशाहीवरचं तत्त्वज्ञान म्हणून फारसं काही उरलंच नाही, नावं उरली ती टीका करणाऱ्यांची. प्लेटोचा लोकशाहीवरचा राग मला समजतो, इ.स.पू. ३९९ मध्ये याच शहराच्या ज्यूरीने त्याच्या गुरूला, सॉक्रेटिसला, मरणाची शिक्षा दिली. पण लोकशाही मोडून सत्ता बळकावणाऱ्या ‘तीस जुलमीं’चा म्होरक्या क्रिटियस प्लेटोच्या आईच्या नात्यातला होता हे पण विसरू नये, म्हणजे घरचा वारा पण तसलाच. राज्यकारभाराची अक्कल थोडीथोडी सगळ्यांनाच असते हे प्रोटागोरस या तत्त्वज्ञाचं म्हणणं, लोकशाहीची मला सगळ्यात पटलेली बाजू, तेही आपल्याला मिळतं प्लेटोच्याच लिखाणात.

ॲरिस्टॉटलच्या लायसियमची, म्हणजे त्याच्या शाळेची, जागा शहराच्या दुसऱ्या बाजूला, रिगिलिस रस्त्याजवळ, १९९६ मध्ये खोदकामात सापडली. बघायला फार काही नाही, पाया आणि झुडपं. पण नागरिक म्हणजे कोण यावर एवढं लिहिणारा हा माणूस स्वतः स्टागिराचा, अथेन्समध्ये परका, त्याला पिनिक्सवर मत द्यायची सोय नव्हती.