फोनसावान: रांजण बघायला गेलो, बॉम्बी बघून आलो

लाओसच्या फोनसावानला गेलो ते रांजणांचं पठार बघायला. दगडात कोरलेले, काही तर माणसाच्या उंचीहून मोठे रांजण. २०१९ पासून हे पठार जागतिक वारशाच्या यादीत आहे. बघण्यासारखं आहेच, पण तीन दिवस मनात घर करून राहिलं ते जमिनीखालचं.

रांजणांच्या वेगवेगळ्या जागांना क्रमांक दिलेत. त्यातल्या साइट १ वर वाटेच्या कडेला जमिनीत छोट्या खुणा बसवल्यात, अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या लाल. पांढऱ्या बाजूची जमीन खोलवर तपासलेली, लाल बाजूची फक्त वरवर. फोटोच्या नादात मी दोन पावलं लाल बाजूला गेलो, तर वाटाड्याने दंड धरून मागे ओढलं. "बॉम्बी," एवढंच म्हणाला.

बॉम्बी म्हणजे टेनिसच्या चेंडूएवढा बॉम्ब. मोठ्या बॉम्बच्या पोटात असे शेकडो भरलेले. तो हवेतच उघडतो आणि ते शेतभर विखुरतात. १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यात सुमारे २७ कोटी बॉम्बी होते आणि त्यातले अंदाजे तीस टक्के फुटलेच नाहीत. १९६२ च्या जिनिव्हा करारात लाओस तटस्थ ठरलेला, म्हणून हे युद्ध अमेरिकी जनतेपासूनही लपवलं गेलं. व्हिएतनामचं युद्ध मला शाळेपासून माहीत होतं, हे मात्र चाळिशी उलटल्यावर कळलं. फार वाईट वाटलं.

साइट ३ च्या बाजूला बान नापिया हे गाव आहे. तिथे युद्धाच्या भंगारातल्या अॅल्युमिनियमचे चमचे बनवतात. एका आजींनी चुलीवर वितळलेला रस लाकडी साच्यात ओतला, जरा थांबून साचा उघडला आणि चमचा हातावर ठेवला. अजून कोमट, आणि वजन जवळजवळ नाहीच. मी चार घेतले. संध्याकाळी फोनसावानमध्ये मॅगच्या, म्हणजे न फुटलेले बॉम्ब काढणाऱ्या संस्थेच्या, माहिती केंद्रात माहितीपट पाहिला. भंगार विकून चार पैसे मिळतात म्हणून शोधायला जाणारी माणसं आणि मुलंसुद्धा जखमी होतात, हे तिथे समजलं. म्हणून सांगतो, आधी केंद्रात जा, मग नापियाला. पुढच्या वेळी मी चमच्यांऐवजी केंद्रातच पैसे देईन. बॉम्बचे तुकडे तर अजिबात विकत घेऊ नका.

थाम पिऊ गुहेसाठी अर्धा दिवस वेगळा काढा. २४ नोव्हेंबर १९६८ ला आत आसरा घेतलेली ३७४ माणसं रॉकेटच्या माऱ्यात गेली. भिंती अजून काळ्या आहेत. टॉर्च न्या, आत मोठ्याने बोलू नका.

राजधानी व्हिएंतियानहून रस्ता घाटाचा, बसला अख्खा दिवस जातो. पाठीचा त्रास असेल तर विमानाने जा. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर हवाच, पठार हजार मीटरच्या वर आहे. रोख किप (लाओसचं चलन) जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर माशाचा सॉस नको हे प्रत्येक ठिकाणी आवर्जून सांगा, भाजीतही घालतात. स्कूटर मिळते, पण पहिला दिवस स्थानिक वाटाड्याबरोबरच फिरा. आणि परतताना व्हिएंतियानमध्ये कोप केंद्राला दोन तास द्या. बॉम्बीने हातपाय गेलेल्यांना तिथे कृत्रिम अवयव मिळतात. दालनात छताला लोकांनी घरीच बनवलेले जुने पाय टांगलेत, लाकडाचे, बांबूचे.