पुसलेली पानं

सकाळी साडेसातला सेक्रेटरी काकांचा फोन. "कमळांवर रोग पडलाय, लगेच या."

घोडबंदर रोडवरच्या त्या सोसायटीची बाग मी चार वर्षं सांभाळतोय. गेटजवळच्या टाक्यांतली कमळं माझ्या हातची, त्यामुळे जीव थाऱ्यावर राहीना.

रात्री पाऊस कोसळला होता. एरवी अशा पावसानंतर थेंब पाऱ्यासारखे गडगडत पानाच्या मधल्या खळग्यात जमतात, वाटेतली धूळही घेऊन जातात. मी तर बघत उभा राहतो. त्या दिवशी मोठ्या पाच-सहा पानांवर पाणी पसरून चिकटलं होतं आणि त्यात रस्त्यावरची धूळ चिखल होऊन बसली होती. मावा नाही, ठिपका नाही, देठ ताठ. शेजारचं नुकतंच उलगडलेलं पान मात्र लख्ख कोरडं.

"पानं कुणी पुसली का?" मी विचारलं.

झाडलोटीच्या मावशी दबकत म्हणाल्या, "काल पूजा होती ना दादा. पाहुणे येणार म्हणून साबणाच्या फडक्यानं पुसून घेतली. सांगितलं होतं तसं."

त्यांना बोल लागायला नको होता. मी सगळ्यांना अळूच्या वाफ्याकडे नेलं. एका पानावर अंगठा जोरात घासला आणि वरून तांब्याभर पाणी सोडलं. सगळीकडून थेंब निसटले, अंगठ्याच्या जागी तेवढं पाणी थांबलं.

हाताला मऊ लागणारं हे पान मुळात खडबडीत. कमळाच्या पानावर मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढे उंचवटे असतात, त्यांवर त्याहून कितीतरी बारीक मेणाच्या नळ्या. थेंब टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. धूळही टोकांवरच बसलेली, म्हणून थेंबाला चिकटून निघून जाते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ साली हे सविस्तर मांडलं. घासलं की मेण मोडतं, साबण राहिला की पाणी खाचांत शिरतं. त्यात कमळाची श्वास घ्यायची रंध्रं पानाच्या वरच्या बाजूला, म्हणजे चिखल नेमका तिथेच.

"मग औषध काय मारायचं?" काका.

"काही नाही. साध्या पाण्यानं हलकेच धुतो. पिवळी पडेपर्यंत कापू नका, नवी पानं येतच आहेत."

मावशींनी तांब्या घेतला आणि कोवळ्या पानावर थोडं थोडं पाणी सोडत राहिल्या. "अळवावरचं पाणी म्हणतात ते हेच होय!"

संध्याकाळी काकांनी टाकीवर पाटी लावली: पाने पुसू नयेत.