खुराडं मे महिन्यासाठी बांधा

खुराडं मी डिसेंबरात बांधलं, तिथंच चुकलं. सोलापूरचा डिसेंबर गोड असतो. पहाटे अंगावर चादर लागते, घरोघरी गड्ड्याच्या जत्रेचे बेत सुरू होतात. त्या थंडीत कोंबड्यांना वारा लागू नये म्हणून मी तीन बाजूंनी पत्रा मारला, वरही पत्राच. उघडी बाजू पश्चिमेला ठेवली, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसायची.

एप्रिल संपताना पारा 42 वर गेला. दुपारी तीनला पाणी द्यायला गेले, तर सगळ्या कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या, पंख अंगापासून सुटे धरलेले. कोंबडीला घाम येत नाही. धापा टाकूनच ती अंगातली उष्णता बाहेर काढते. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. माझी तांबडी, रोज तळहातावरची ज्वारी टिपणारी, कोपऱ्यातून उठलीच नाही. तिला ओल्या फडक्यात घेऊन घरात आणलं, पण दिवेलागणीपर्यंत ती गेली. ते अजून मनाला लागतं.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, एवढंच म्हणाल्या, "अगं, या पत्र्याखाली आपण झोपलो असतो का?"

दुसऱ्या दिवशी सगळं खोललं. आता खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम आहे. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद भिंतींवर पडतं, लांब बाजूंना सावली राहते. त्या दोन्ही लांब बाजूंना खाली फूटभर विटा, वर आढ्यापर्यंत जाळी. वारा आरपार जातो. पत्र्याला चुना मारला आणि त्यावर वीतभर जाड कडबा सुतळीनं आवळून बसवला. आमच्या भागात ज्वारीचा कडबा मिळायला अडचण नाही. पावसाळ्याआधी तो काढून टाकायचा, नाहीतर कुजतो. हे सगळं कडुनिंबाखाली सरकवलं, आणि खरा फरक बहुतेक त्या झाडानंच पडला.

खुराडं 5 बाय 6 फूट, पुढचं जाळीचं अंगण 8 बाय 16. दहा कोंबड्या आणि एक कोंबडा, दाटी होत नाही.

जाळीचं मात्र नीट सांगते. बाजारात कोंबडीची म्हणून जी षटकोनी जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. आमची दोन पिल्लं तशीच गेली. आता सगळीकडे अर्धा इंची वेल्ड जाळी आहे. शिवाय अंगणाच्या कडेनं बाहेरच्या बाजूला फूटभर जाळी जमिनीत आडवी पुरली, वर माती आणि दगड. मुंगूस किंवा घूस कडेशी उकरायला लागली की पंजे जाळीला अडतात. रात्री दाराला नुसती कडी नको, त्यात खिळा अडकवायचा.

बसायच्या दांडीसाठी जुन्या लाकडाच्या वखारीतून मोडीत निघालेल्या हातमागाचा कापड गुंडाळायचा रूळ आणला. वर्षानुवर्षं कापड घासून तो इतका गुळगुळीत झाला होता की कोंबड्यांचे पाय घसरायचे. मी त्यावर जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या. महिन्याभरात कोंबड्या रात्री दांडीवर चढेनात. बॅटरी घेऊन बघितलं, तर पट्टीच्या घडीत टाचणीच्या डोक्याएवढी लाल कीड वळवळत होती. ती दिवसा फटीत लपते आणि रात्री रक्त पिते. पट्ट्या जाळल्या, सुताराकडून रुळाची वरची बाजू रंधून चपटी करून घेतली. अंगणात एका घमेल्यात चुलीची राख आणि माती ठेवली. त्यात कोंबड्या लोळतात, पिसं फुगवून डोळे मिटतात. बघत बसावंसं वाटतं.

खाली भुईमुगाच्या शेंगांची टरफलं पसरते. पाण्याच्या भांड्याजवळची ओली टरफलं रोज उचलते, कारण त्यांना बुरशी लवकर धरते. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा भाज्या धुतलेलं पाणी साठवून दुपारी जाळीवरच्या गोणपाटावर शिंपडते. पिण्याचं पाणी मातीच्या परळात, झाडाच्या बुंध्याशी.

या मे महिन्यात पारा 43 वर गेला. तीन वाजता मी तिथंच उभी होते. कोंबड्या बुंध्याजवळच्या मातीत खड्डे करून पसरल्या होत्या, चोची मिटलेल्या. अंड्यांची खोकी अजून पश्चिमेच्या भिंतीला आहेत, ती तापतात. येत्या रविवारी ती उत्तरेला हलवायची आहेत.